इललीगल पिच : सहा फ्रेम्सची चोरी

माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, सांभाळून घ्या. पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मागच्या वर्षीची इंटरकॉलेज सॉफ्टबॉलची सेमीफायनल. शेवटची इनिंग, स्कोअर बरोबरीत, तिन्ही बेस भरलेले, बॅटरचे तीन बॉल झालेले. मी पिच टाकली आणि अंपायर ओरडले, "इललीगल पिच!" या चुकीबद्दल बॅटरला एक बॉल मिळतो. झाले चार बॉल, त्यांना रन मिळाला आणि आम्ही बॅगा भरल्या. त्या रात्री मेसमध्ये मी सगळ्यांना सांगत होते, अंपायरनेच मॅच घालवली.

मग रूममेटने काढलेला स्लो मोशन व्हिडिओ बघितला, आणि गप्प बसले.

फास्टपिचमध्ये हात खालून गोल फिरवून बॉल टाकतात. बायकांच्या मॅचमध्ये पिचरची प्लेट होमपासून ४३ फुटांवर, म्हणजे १३.११ मीटरवर असते. मागच्या पायाने त्या प्लेटलाच रेटा द्यायचा आणि मग तो पाय जमिनीवरून फरफटत आणायचा. दोन्ही पाय हवेत गेले तर ती 'लीप'. मागचा पाय पुढे नव्याने टेकवून तिथून दुसरा रेटा दिला तर 'क्रो हॉप', म्हणजे कावळ्याची उडी. अमेरिकेच्या कॉलेज सॉफ्टबॉलमध्ये २०२४ च्या सीझनपासून लीप चालते, क्रो हॉप मात्र चालत नाही.

असं का? न्यूटनचा तिसरा नियम आठवा. हवेत असताना रेटा द्यायला जमीनच नसते, त्यामुळे नुसत्या लीपने स्पीड वाढत नाही. स्पीड येतो मागच्या पायाच्या रेट्यातून आणि पुढचा पाय घट्ट रोवण्यातून. एसटीने ब्रेक मारला की उभा माणूस पुढे फेकला जातो ना, तसंच शरीर थांबतं आणि जोर कंबर, खांदा, मनगट करत बॉलमध्ये जातो. क्रो हॉपमध्ये दुसरा रेटा मिळतो, शिवाय पिचर बॅटरच्या जवळ सरकते.

मग मी स्वतःवरच प्रॅक्टिकल केलं. मोबाईल सेकंदाला २४० फ्रेम्सवर लावला, चुन्याने खुणा केल्या. क्रो हॉप करून बॉल १०.७ मीटरवरून सुटत होता आणि ११६ फ्रेम्समध्ये होमवर पोचत होता. पाय फरफटत टाकल्यावर ११.३ मीटर, १२२ फ्रेम्स. भागाकार करून बघा, दोन्ही वेळा स्पीड ताशी ८० किलोमीटरच्या आसपासच! म्हणजे माझ्या उडीने बॉल जोरात जातच नव्हता. बॅटरचे सहा फ्रेम्स, म्हणजे सेकंदाचा चाळिसावा भाग, तेवढे मी ढापत होते. तिला मात्र बॉल ताशी ८४ चा वाटत असणार.

सवय मोडायला चार महिने लागले. आता प्रॅक्टिस झाली की मी आधी माती बघते. प्लेटपासून सरळ फरफटीची रेघ असेल तर ठीक. पुढे नवा खड्डा दिसला तर कावळा परत आला!

त्या अंपायर सरांना सॉरी म्हणायचं राहून गेलं. मेसमध्ये ज्यांनी माझं रडगाणं ऐकलं, त्यांना मात्र इथे सांगते : मॅच त्यांनी नाही घालवली.