राणीच्या बागेतला बांबूचा मांडव

भायखळ्याच्या राणीच्या बागेत पेंग्विन बघायला आलेलं कुटुंब परतताना बहुधा शेजारच्या पिवळसर जुन्या इमारतीतही डोकावतं. अनेक वर्षं तिथलं तिकीट दहा रुपये होतं, तेव्हा फार विचार करायची वेळ येत नसे. आत नक्षीदार लोखंडी खांब, सोनेरी रंगकाम, काचेची मोठाली कपाटं. वरच्या मजल्यावर मुंबईचे जुने नकाशे, आणि इथल्या नाना जातीजमातींच्या पगड्या-पागोट्यांचे छोटे नमुने. मुलं पगड्यांपाशी रेंगाळतात, आजोबा नकाशात आपली गल्ली शोधतात.

हे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ साली लोकांसाठी खुलं झालेलं. तेव्हा नाव होतं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. त्याच्या उभारणीत जॉर्ज बर्डवुड यांच्याबरोबर नाना शंकरशेट आणि भाऊ दाजी यांचा पुढाकार होता. भाऊ दाजी गोव्याकडचे. पेशाने डॉक्टर आणि फावल्या वेळात (तो कुठून मिळायचा कोण जाणे) अजिंठ्याचे शिलालेख वाचणारे. १९७५ साली संग्रहालयाला त्यांचं नाव मिळालं. पुढे वास्तूला अवकळा आली. २००३ मध्ये महापालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात करार झाला, संवर्धन वास्तुविशारद विकास दिलावरी यांनी दुरुस्ती केली आणि २००८ च्या जानेवारीत दारं पुन्हा उघडली. त्याआधीच, २००५ मध्ये, या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला होता.

पण इथे सांगायचं आहे ते या आवारात २०१२ च्या डिसेंबरात उभ्या राहिलेल्या बांबूच्या मांडवाविषयी. बीएमडब्ल्यू गुगेनहाइम लॅब असं त्याचं भारदस्त नाव. शहरी जगण्यावर बोलायला जागा देणारी ही फिरती लॅब आधी न्यूयॉर्क आणि बर्लिनला कार्बन फायबरच्या सांगाड्यात भरली होती. बर्लिनला तर क्रॉइत्सबर्गमध्ये इतका विरोध झाला, धमक्याही आल्या, की जागा बदलावी लागली. मोटारींच्या कंपनीचे पैसे आले की पाठोपाठ घरांची भाडी वाढतात, हा तिथल्या लोकांचा संशय काही अगदीच वेडगळ नव्हता. मुंबईसाठी आतलिए बाव-वाव या जपानी वास्तुविशारदांनी लग्नाच्या मांडवावरून कल्पना घेतली: बांबू बांधायचे, वर छत, बाजू मोकळ्या. ९ डिसेंबर ते २० जानेवारी तिथे व्याख्यानं, चर्चा, कार्यशाळा झाल्या. प्रवेश फुकट. विषय खासगीपणाचा. दहा बाय बाराच्या खोलीत सहाजण राहतात तेव्हा एकांत कुठे मिळतो, हा प्रश्न मुंबईकराला कुणी समजावून सांगावा लागत नाही.

वांद्र्याच्या कलानगर चौकाची नवी रचना सुचवण्यासाठी याच लॅबने स्पर्धा ठेवली होती. त्या चौकात पायी चालणाऱ्याचे काय हाल होतात हे तिथल्या कुणालाही विचारा. पुढे एमएमआरडीएने तिथे उड्डाणपूल बांधले. म्हणजे गाड्यांचं भागलं.

राणीच्या बागेशी आणखी एक गंमत जोडलेली आहे. फोर्टातल्या ज्या पुतळ्यावरून काळा घोडा हे नाव पडलं, तो १९६५ साली तिथून काढला आणि याच परिसरात आणून ठेवला. घोडा भायखळ्यात, नाव फोर्टात. १९९९ पासून त्या घोड्याविनाच काळा घोडा कला महोत्सव भरतो आणि त्यात जुन्या इमारती दाखवत फिरवणाऱ्या पायी सफरी असतात. जवळच कावसजी जहांगीर हॉलमधल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०१६ मध्ये ‘स्टेट ऑफ आर्किटेक्चर’ हे मोठं प्रदर्शन झालं. स्वातंत्र्यापासूनची भारतीय वास्तुकला राहुल मेहरोत्रा, रणजित होस्कोटे आणि कैवान मेहता यांनी त्यात मांडली होती.

शहर असं लोकांसमोर मांडून दाखवण्याची खरी गरज कळली ती २०१५ साली. मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा आला आणि लोकांनी नकाशे उघडले, तर उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले, वारसा वास्तू गळालेल्या. हरकतींचा पाऊस पडला आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी मसुदा नव्याने करायला सांगितलं. ज्यांना नकाशा वाचता येत होता ते आधी ओरडले. बाकीच्यांना शेजाऱ्याकडून कळलं.

मुंबईचा आराखडा ज्या कायद्याखाली होतो तोच, १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडलाही लागू आहे. नगरपरिषद आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करते, मुदतीत हरकती-सूचना घेते, नियोजन समितीपुढे सुनावणी होते. लहान गावात मात्र प्लॉटवर आरक्षण पडल्याचं माणसाला बऱ्याचदा तो विकायला काढल्यावर समजतं. नकाशा लागतो कार्यालयात, आणि कार्यालयात माणूस जातो दाखल्यापुरता. गंगाखेडची माणसं जमतात गोदावरीच्या घाटावर, संत जनाबाईंच्या मंदिरात, आठवडी बाजारात. भायखळ्याच्या मांडवाला जपानहून वास्तुविशारद आणले होते. इथे बांबू आणि ताडपत्री बाजारातच मिळेल. आराखड्याची मोठी प्रत, आपलं घर कुठे आहे ते बोटाने दाखवणारा नगररचनेचा एखादा माणूस, आणि टेबलावर हरकतीचे कोरे अर्ज, एवढं मुदत संपायच्या आत घाटावर मांडायला नगरपरिषदेला कुठलाच कायदा आडवा येत नाही.