जळूची चाल आणि माशाची भूल

महाड-पोलादपूर भागातील विद्यार्थ्यांना जळूची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. डबक्यात डुंबून आलेल्या म्हशीच्या अंगावर त्यांनी ती पाहिलेली असते. मात्र जळूची नक्कल करून मासे पकडता येतात, हे सहसा कोणाला ठाऊक नसते.

उत्तर अमेरिकेतील नद्यांत स्मॉलमाउथ बास नावाचा शिकारी मासा आढळतो. त्याच्या खाद्यात जळवाही असतात. मिनेसोटा राज्यात जिवंत जळवा आमिष म्हणून विकल्या जातात. जिवंत जळूऐवजी काही जण गळावर काळी मऊ पिसे किंवा सशाची लव बांधतात व पुढच्या टोकाला बारीकसे वजन देतात. या खोट्या जळूला चूषक नसतात, शरीराचे वलयांकित खंडही नसतात. तरी मासा फसतो. का बरे?

याचे उत्तर जळूच्या पोहण्यात आहे. मासा किंवा साप पोहताना शरीर डावीकडे-उजवीकडे वळवतो. जळूचे तसे नाही. पाठीकडून पोटाकडे जाणारे स्नायू आकुंचन पावले की तिचे शरीर फितीसारखे चपटे होते आणि त्यातून डोक्याकडून शेपटीकडे वर-खाली लाटा सरकतात. आता खोटी जळू पाहा. दोरी ओढली की तिचे जड डोके वर उचलले जाते, ढील दिली की खाली जाते आणि मऊ पिसे मागून लहरत येतात. म्हणजे येथे नक्कल मुख्यतः चालीची असते, रूपाची नव्हे.

प्राण्यांना अनेकदा संपूर्ण आकृतीची गरज नसते, एखादी ठळक खूण पुरते. निको टिनबर्गन यांनी स्टिकलबॅक माशांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. माशासारखा न दिसणारा, पण खालून लाल रंगवलेला ठोकळा पाहून नर हल्ला करत. हुबेहूब पण लाल नसलेल्या प्रतिकृतीकडे ते फारसे लक्ष देत नसत. प्राणिवर्तनाच्या अभ्यासासाठी टिनबर्गन यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पाण्यातील हालचाल माशाला डोळ्यांप्रमाणेच अंगावरील पार्श्वरेखेनेही जाणवते.

आपल्या सावित्री नदीत बास नाही. पण मरळीसारखे शिकारी मासे आपल्या नद्यांतही आहेत आणि त्यांनाही चालीवरून भक्ष्य ओळखावे लागते. गळाने एका वेळी एकच मासा लागतो. लहान असल्यास तो पुन्हा सोडता येतो, जरी त्याला जखम होतेच. सुरुंग किंवा विष वापरले तर पिल्ले, कीटक, जळवा असे सारेच मरते आणि उरलेल्या माशांचे अन्नही संपते. महाडजवळ काळ नदीवरील वाळण कोंडीत तर गळही टाकत नाहीत. तेथील महसीर देवीचे मानून लोकांनी राखले आहेत.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. वीतभर काळ्या लोकरीच्या एका टोकाला दोरा व लहानसा नट बांधा. गळ लावू नका. पसरट टबातील पाण्यात ती आधी एकसारखी ओढा, मग थांबत-थांबत ओढा. नंतर नट काढून तेच पुन्हा करा. यांपैकी जळूची चाल केव्हा दिसते, हे विद्यार्थ्यांनाच ठरवू द्या.