मधपेटीतील ऑक्सॅलिक आम्लाची धुरी आणि वहनीय बॅटरीची निवड : एक विवेचन

प्रस्तावना

मधुमक्षिकापालन हा विषय सामान्यतः प्राणिशास्त्राच्या किंवा कृषिविद्येच्या कक्षेत येतो; विद्युतशास्त्राशी त्याचा संबंध कोणी सहसा जोडत नाही. तथापि युरोप व उत्तर अमेरिकेतील मधपाळ गेल्या दोन-तीन दशकांपासून ज्या साधनाने व्हरोआ या परोपजीवी कोळीकिडीचा बंदोबस्त करीत आले आहेत, ते साधन मूलतः एक लहानशी विजेची शेगडी आहे. ती रानात, विजेच्या तारांपासून दूर, बहुधा हिवाळ्याच्या ऐन थंडीत चालवावी लागते. तिला वीज पुरवणारी बॅटरी चुकीची निवडल्यास केवळ काम अडते असे नाही. मधमाश्यांना मिळणारी औषधाची मात्राच बदलते, आणि हा बदल डोळ्यांना दिसत नाही. प्रस्तुत लेखात या निवडीमागील भौतिकशास्त्रीय तत्त्वांचे विवेचन केले आहे.

व्हरोआ व ऑक्सॅलिक आम्ल

व्हरोआ प्रजातीतील कोळीकिडीचे पहिले शास्त्रीय वर्णन औडेमान्स यांनी १९०४ मध्ये जावा बेटावरील नमुन्यांवरून केले. ही कीड मूळची आशियाई मधमाशीवरील, म्हणजे आपल्याकडे जिला सातेरी म्हणतात त्या जातीवरील. सातेरीने शतकानुशतकांच्या सहवासात तिच्याशी जुळवून घेतले आहे. ती अंगावरील कीड झटकून टाकते, आणि किडीचे पुनरुत्पादन बहुतांशी नरमाश्यांच्या घरांपुरतेच मर्यादित राहते. युरोपीय मधमाशी, म्हणजे एपिस मेलीफेरा, हिच्यापाशी असे संरक्षण नाही. जगभर मेलीफेराचे नुकसान करणारी कीड ही औडेमान्स यांनी वर्णिलेल्या जातीहून वेगळी आहे, हे अँडरसन व ट्रूमन यांनी २००० मध्ये दाखवून दिले व तिला ‘व्हरोआ डिस्ट्रक्टर’ हे नाव मिळाले. ‘विध्वंसक’ हे विशेषण तिला शोभते. उपचाराविना सोडलेली मेलीफेराची वसाहत बहुधा दोन-तीन वर्षांत नष्ट होते.

ऑक्सॅलिक आम्ल या किडीवर परिणामकारक ठरते आणि योग्य मात्रेत मधमाश्यांना ते पुष्कळ अंशी सोसते. अमेरिकेत त्याच्या या वापरास २०१५ मध्ये अधिकृत मान्यता मिळाली. युरोपात ते त्याआधीपासून वापरात होते. बाजारात मिळणाऱ्या स्फटिकांत पाण्याचे दोन रेणू बांधलेले असतात, आणि वजनाने पाहता या स्फटिकांचा चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग पाणीच असते. पेटीच्या आकारानुसार साधारण एक ते दोन ग्रॅम स्फटिक धातूच्या लहान वाटीत घालून ती पेटीच्या दारातून आत सरकवली जाते. तापवल्यावर प्रथम सुमारे १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पाणी निघून जाते. पुढे सुमारे १५७ अंशांना आम्लाचे संप्लवन जोमाने होऊ लागते. ही वाफ थंड होताच आम्लाच्या सूक्ष्म कणांचा थर पोळ्यांवर, भिंतींवर व माश्यांच्या अंगावर बसतो आणि कीड त्याच्या स्पर्शाने मरते. मात्र वाटी सुमारे १९० अंशांच्या पलीकडे गेली की आम्लाचे अपघटन वाढते आणि फॉर्मिक आम्ल, कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड व पाणी तयार होते. अशा वेळी औषध म्हणून मोजून घातलेले आम्ल पेटीत औषध म्हणून पोहोचतच नाही.

उष्णता कमी पडली तर वाटीत आम्लाचा वितळलेला, अर्धवट गोळा शिल्लक राहतो. अधिक झाली तर आम्ल मोडते. बॅटरीचा प्रश्न या दोन मर्यादांमध्ये उभा आहे.

व्होल्टता व तिचा वर्ग

प्रचलित साधी उपकरणे १२ व्होल्टवर सुमारे १५० वॅट शक्ती घेतात आणि एका पेटीसाठी सुमारे अडीच मिनिटे चालतात. म्हणजे विद्युतधारा १२.५ अँपिअर व तापकाचा रोध सुमारे ०.९६ ओहम. एका पेटीस लागणारी ऊर्जा ६.२५ वॅट-तास, यातील बराचसा भाग आम्लावर नव्हे, तर थंड धातू तापवण्यावर व आसपासच्या हवेवर खर्च होतो. वाटी एकदा गरम झाली की पुढच्या पेटीला वेळ थोडा कमी लागतो, हे अनुभवी मधपाळ जाणतात. त्याचे कारण हेच.

जूलच्या नियमानुसार रोध स्थिर असता उष्णता व्होल्टतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. हा नियम शालेय पुस्तकातला असला तरी बॅटरी विकत घेताना नेमका तोच विसरला जातो. तापकाच्या टोकांशी १२ ऐवजी ११ व्होल्ट मिळाले तर घट आठ टक्के वाटते. प्रत्यक्षात उष्णता सुमारे १६ टक्क्यांनी घटते. उलट, मोटारीचे इंजिन चालू ठेवून त्याच बॅटरीवर उपकरण चालवले तर आल्टरनेटरमुळे व्होल्टता १४ च्या आसपास जाते व उष्णता सुमारे ३६ टक्क्यांनी वाढते. एकच उपकरण, एकच बॅटरी आणि तेच घड्याळ. पण इंजिन चालू की बंद एवढ्या फरकाने मात्रा बदलते.

हत्यारांसाठीच्या १८ व्होल्टच्या लिथियम-आयन बॅटऱ्या हलक्या असल्याने मधपाळांना त्यांचा मोह पडतो. १२ व्होल्टच्या तापकाला अशी बॅटरी थेट जोडल्यास शक्ती १५० वरून सुमारे ३३७ वॅटवर जाते. पूर्ण भारित अवस्थेत अशा बॅटरीची व्होल्टता २१ पर्यंत असते. तेव्हा ती तिपटीलाही ओलांडते. वाटीतून भराभर पांढरा धूर निघतो, मधपाळास समाधान वाटते, पण आम्लाचा काही भाग मोडलेला असतो. या बॅटऱ्या वापरायच्या तर त्यांच्याच व्होल्टतेसाठी बनवलेला तापक किंवा व्होल्टता उतरवणारा परिवर्तक मध्ये असणे अनिवार्य होय.

बॅटरीच्या पाठीवरील आकडा

बॅटरीवर छापलेली अँपिअर-तास क्षमता ही विशिष्ट अटीवर मोजलेली असते. शिसे-आम्ल बॅटरीच्या बाबतीत ती अट बहुधा वीस तासांच्या संथ विसर्जनाची असते. ४० अँपिअर-तासांची बॅटरी वीस तास २ अँपिअर देईल असा त्याचा अर्थ, ती १२.५ अँपिअर तीन तासांहून अधिक वेळ देईल असा मुळीच नव्हे. जर्मन शास्त्रज्ञ पॉयकर्ट यांनी १८९७ मध्ये हा संबंध सूत्रबद्ध केला. पॉयकर्ट घातांक १.२ धरल्यास वरील बॅटरीची १२.५ अँपिअरवरील क्षमता सुमारे २८ अँपिअर-तासच उरते. शून्य अंशांच्या आसपासच्या थंडीत त्यातूनही साधारण पाचवा हिस्सा वजा करावा लागतो.

तीस पेट्यांचे उदाहरण घेऊ. एकूण तापन-काळ ७५ मिनिटे, म्हणजे सुमारे १५.६ अँपिअर-तास. कागदावर ४० ची बॅटरी यासाठी ऐसपैस वाटते. परंतु वरील वजावटीनंतर तिच्यात जेमतेम २२ अँपिअर-तास उरतात. म्हणजे तीस पेट्यांत ती ७० टक्के रिकामी होते. शिसे-आम्ल बॅटरी वारंवार निम्म्याहून अधिक रिकामी करणे तिच्या आयुष्यास घातक असते, आणि रिकामी होत जाताना तिची व्होल्टताही घसरत जाते. ६५ अँपिअर-तासांची बॅटरी हेच काम सुमारे ४० टक्के विसर्जनात करते, पण तिचे वजन २० किलोच्या घरात जाते. पेटीपासून पेटीपर्यंत चिखलातून ती उचलून नेणे हे वेगळेच गणित आहे.

येथे एक बाब नमूद करणे न्याय्य ठरेल. धुरी दिल्यावर पेटीचे दार काही मिनिटे बंद ठेवले जाते, त्यामुळे बॅटरीस मधूनमधून विश्रांती मिळते व ती काहीशी सावरते. पॉयकर्टचे सूत्र अखंड विसर्जनासाठी असल्याने प्रत्यक्षातील घट याहून थोडी कमी असू शकते. परंतु दोन उपकरणे आळीपाळीने चालवणाऱ्या मधपाळास ही सवलत मिळत नाही.

संगणकाच्या यूपीएसमधील ७ अँपिअर-तासांची लहान बॅटरी सहज उपलब्ध असल्याने तिचा विचार अनेकदा होतो. ती १२.५ अँपिअर साधारण पाव तास देऊ शकते, म्हणजे पाच-सहा पेट्या. त्यातल्या शेवटच्या दोन पेट्यांना मिळणारी उष्णता संशयास्पदच. मोटारीची आरंभक बॅटरी काही क्षण प्रचंड धारा देण्यासाठी पातळ पट्ट्यांची बनवलेली असते. खोल विसर्जन तिला मानवत नाही. जाड पट्ट्यांची किंवा नलिकाकार रचनेची बॅटरी या कामास अधिक योग्य.

लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरी या सर्व दोषांतून बव्हंशी मुक्त आहे. चार घटांच्या एकसर जोडणीतून १२.८ व्होल्ट मिळतात आणि विसर्जनाच्या बहुतेक काळात ही व्होल्टता जवळजवळ सपाट राहते. त्यामुळे पहिल्या व तिसाव्या पेटीत फारसा फरक पडत नाही, आणि हा गुण हलक्या वजनाहून अधिक महत्त्वाचा मानावा लागेल. वरील तीस पेट्यांसाठी सुमारे २५ अँपिअर-तासांची, तीनेक किलो वजनाची बॅटरी पुरते. तिच्या मर्यादा दोन. शून्य अंशांखाली ती भारित करू नये. विसर्जन चालते, भारण नाही. आणि तिच्यातील संरक्षक परिपथ ठरावीक धारेपलीकडे पुरवठा तोडतो. काही स्वस्त उपकरणांत डिझेल इंजिनातील ग्लो प्लग तापक म्हणून वापरलेला असतो. त्याचा रोध थंड असताना कमी असल्याने आरंभीची धारा नेहमीच्या धारेहून बरीच अधिक असते. संरक्षक परिपथाची मर्यादा १२.५ नव्हे, तर किमान ३० अँपिअर पाहून घ्यावी.

तार, चिमटे व इन्व्हर्टर

चांगली बॅटरी घेऊन वाईट तार जोडणे ही या क्षेत्रातील सर्वांत सामान्य चूक असावी. तीन मीटर अंतरासाठी जाऊन-येऊन सहा मीटर तांब्याची तार लागते. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तारेचा रोध सुमारे ०.१ ओहम होतो, ०.९६ ओहमच्या तापकापुढे तो नगण्य नाही. हिशेब केल्यास तापकाची उष्णता १८ टक्क्यांहून अधिक घटते. अडीच चौरस मिलिमीटर तारेत ही घट सुमारे आठ टक्क्यांवर येते, चार चौरस मिलिमीटरमध्ये सहाच्या आत. बॅटरीच्या टोकांना लावलेले गंजके चिमटेही असेच वीज खातात. ०.०५ ओहमचा संपर्करोध जवळजवळ आठ वॅट उष्णता चिमट्यातच निर्माण करतो आणि चिमटा हाताला चटका देऊ लागतो. स्क्रूने आवळलेली जोडणी व बॅटरीलगत २० अँपिअरचा फ्यूज यांचा खर्च बॅटरीच्या मानाने किरकोळ आहे.

अलीकडे तापमान-नियंत्रक असलेली, प्रत्यावर्ती विजेवर चालणारी उपकरणे मोठ्या मधपाळांत रूढ झाली आहेत. त्यांत वाटीचे तापमान नियंत्रक ठरवतो, बॅटरीची व्होल्टता नव्हे. म्हणून मात्रेचा प्रश्न बराचसा सुटतो. मात्र इन्व्हर्टर लागतो. ३०० वॅटचे उपकरण इन्व्हर्टरमधील व्यय धरून १२ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे २९ अँपिअर ओढते, आणि शिसे-आम्ल बॅटरीची दमछाक होते. तापकाला कोणताही तरंग चालतो, पण नियंत्रकाच्या इलेक्ट्रॉनिक मंडलासाठी शुद्ध साइन तरंगाचा इन्व्हर्टर घेणे श्रेयस्कर.

उष्ण प्रदेशातील परिस्थिती

युरोपात हा उपचार प्रायः डिसेंबरच्या सुमारास करतात, कारण तेव्हा राणी अंडी घालणे थांबवते. मेणाच्या झाकणाखालील कोषात दडलेल्या किडीपर्यंत आम्ल पोहोचत नाही. कोष नसतील तर एकच धुरी पुरते. महाराष्ट्रात सातेरी पाळणाऱ्या महाबळेश्वर परिसरातील मधपाळास या उपकरणाची गरज सहसा भासणार नाही. परंतु सूर्यफुलासारख्या पिकांवर मेलीफेराच्या पेट्या घेऊन स्थलांतर करणाऱ्यांची गोष्ट निराळी. उष्ण हवामानात पिलावा जवळजवळ वर्षभर असतो आणि कामकरी माशीचे कोष सुमारे बारा दिवस झाकलेले राहतात. म्हणून पाच ते सात दिवसांच्या अंतराने तीन किंवा अधिक वेळा धुरी द्यावी लागते, व ऊर्जेचा हिशेब त्याच पटीत वाढतो. थंडीची वजावट येथे नाही, पण शेतात अर्धवट रिकामी पडून राहिलेली शिसे-आम्ल बॅटरी सल्फेटच्या थराने लवकर खराब होते. तिला त्याच दिवशी भारित करण्याची सोय नसेल तर लिथियम-लोह-फॉस्फेटचा वाढीव खर्च भरून निघण्याची शक्यता अधिक.

आम्लाची वाफ माणसाच्या फुप्फुसांस व डोळ्यांस अपायकारक असल्याने आम्लवायूसाठीचा श्वसन-मुखवटा व चष्मा आवश्यक आहे. कापडी मुखपट्टी निरुपयोगी होय. याचाही बॅटरीशी संबंध आहे. उष्णता अपुरी पडल्याने वाटी अर्धवट भरलेली बाहेर काढली, तर उरलेले आम्ल मधपाळाच्या तोंडासमोर धुमसत राहते. म्हणून नवीन बॅटरी घेतल्यावर पहिल्याच दिवशी, शेवटच्या पेटीच्या वेळी, उपकरण चालू असताना तापकाच्या टोकांशी बहुमापकाने व्होल्टता मोजावी आणि वाटी तपासावी. ११.५ हून कमी वाचन आणि वाटीत पांढरा थर ही दोन्ही एकत्र आढळल्यास दोष आधी तारेत, मग चिमट्यांत, आणि शेवटी बॅटरीत शोधावा.