पिंपरी-चिंचवड : धरण भरलेलं असूनही दिवसाआड पाणी का? आणि सेन्सर यात काय करू शकतात?

पिंपरी-चिंचवडची निवड स्मार्ट सिटी योजनेत २०१७ मध्ये झाली. दोनच वर्षांनी, २५ नोव्हेंबर २०१९ पासून शहरात दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला. विशेष म्हणजे त्या वर्षी पवना धरण भरलं होतं. मग अडलं कुठे?

पाणी येतं कसं?

पवना धरणातून पाणी नदीत सोडतात. ते रावेतच्या बंधाऱ्यावर उचलून निगडीत शुद्ध करतात आणि टाक्यांमधून घरोघरी पोहोचवतात. म्हणजे धरण भरलं तरी उचलण्याची आणि शुद्ध करण्याची क्षमता मर्यादित. त्यात शहर झपाट्याने वाढलं. वर जुन्या वाहिन्यांची गळती आणि अनधिकृत नळजोड.

स्काडा म्हणजे काय?

टाक्या आणि मुख्य वाहिन्यांवर पाण्याचा प्रवाह, दाब आणि पातळी मोजणारी यंत्रं बसवतात. त्यांचे आकडे नियंत्रण कक्षात दिसतात. समजा, एका टाकीतून १० लाख लिटर पाणी सुटलं आणि घरांच्या मीटरवर ६ लाखच नोंदलं गेलं. उरलेलं ४ लाख लिटर कुठे गेलं, हे शोधायचा भाग लगेच ठरतो.

पण घरचे मीटर बंद असतील, तर हा हिशेबच लागत नाही. आणि सेन्सर गळती दाखवतो, रस्ता खोदून पाइप बदलायला माणूस आणि पैसा लागतोच.

तुम्हाला काय फायदा?

भोसरी-मोशीतून चाकणला शिफ्टला जाणाऱ्या कामगाराचं उदाहरण घ्या. पाणी उशिरा येणार हा मेसेज वेळेत आला, तर घरी कोणी थांबायचं हे ठरवता येतं. ही माहिती यंत्रणेकडे असतेच, ती फक्त लोकांपर्यंत जायला हवी.

हा प्रश्न फक्त शहराचा नाही

पवनेचं पाणी बंद जलवाहिनीने शहरात आणायला मावळच्या शेतकऱ्यांचा विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकऱ्यांचा जीव गेला. मावळकडे आणखी पाणी मागण्याआधी आपल्याकडे किती वाया जातं, हे शहराने सांगायला हवं. प्रभागनिहाय गळतीचा आकडा दर महिन्याला जाहीर झाला, तर नागरिक नगरसेवकाला नेमका प्रश्न विचारू शकतील.