जपानी घरातील जैन सून

कोबे हे नाव आपल्या व्यापारी घराण्यांना नवे नाही. 1868 मध्ये हे बंदर परकीय व्यापारास खुले झाले. 1923 च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झाल्यावर तेथील अनेक भारतीय व्यापारी कोबेत आले. पुढे मोत्यांच्या व्यापाराने गुजराती जैन कुटुंबे तेथे स्थिरावली आणि 1985 मध्ये कितानोच्या टेकडीवर श्री महावीरस्वामींचे संगमरवरी जिनालय उभे राहिले. अशा एखाद्या मोतीव्यापाऱ्याच्या घरी सून म्हणून गेलेली मुलगी देश बदलते, पण घर बदलत नाही. डबे तेच, भाषा तीच, पर्युषणाची लगबगही तीच.

आता दुसऱ्या प्रकारचे विवाह होऊ लागले आहेत. शिक्षणासाठी किंवा संगणकक्षेत्रातील नोकरीसाठी जपानला गेलेली मुलगी तेथील सहकाऱ्याशी विवाह करते आणि सासर अस्सल जपानी असते. माहेरी पहिला प्रश्न विचारला जातो तो 'मुलगा चांगला आहे ना?' हा. मुलगा बहुधा चांगलाच असतो. प्रश्न अपुरा आहे, एवढेच. परक्या घरात मुलीचा धर्म आणि तिचा हक्क हे दोन्ही नवऱ्याच्या चांगुलपणापेक्षा एका साध्या गोष्टीवर अधिक अवलंबून असतात: तिला तेथील अक्षरे वाचता येतात की नाही.

स्वयंपाकघरापासूनच याची प्रचिती येते. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी, अर्थात सार. तो बहुधा कात्सुओबुशीचा असतो. बोनिटो नावाचा मासा सुकवून, धुरावून त्याच्या लाकडाच्या सालीसारख्या पातळ पापड्या काढतात. वाटीत मासा दिसत नाही, वासही सौम्य असतो, त्यामुळे 'यात मांस नाही' असे यजमान मनापासून सांगतात. त्यांच्या लेखी सार म्हणजे मासा नव्हेच. मिसोच्या तयार डब्यातही पुष्कळदा दाशी मिसळलेली असते. शेवयांवर ओतायच्या सोयासारख्या पातळ रसात ती असते. करीच्या तयार वड्यांत प्राण्यांची चरबी असते, आणि साध्या पावातही डुकराची चरबी असू शकते.

येथे एक गोष्ट अवश्य ध्यानात घ्यावी. जपानी वेष्टनांवर ॲलर्जीकारक पदार्थांची स्वतंत्र नोंद असते आणि अंडे, दूध, गहू, शेंगदाणा, कोळंबी, खेकडा यांची नोंद कायद्याने सक्तीची आहे. नवखी मुलगी तेवढाच तक्ता पाहून निश्चिंत होते. परंतु कात्सुओबुशीचा मासा त्या यादीत येत नाही. त्याचा उल्लेख फक्त बारीक अक्षरांतील घटकांच्या ओळीत सापडतो. म्हणून ती ओळ वाचता येणे हाच खरा उपाय होय. मासा, अर्क, जिलेटिन, चरबी, अंडे, मध अशा वीस-पंचवीस शब्दांची जपानी रूपे ओळखू येऊ लागली की दुकानातली निम्मी भीती जाते.

जपानी बौद्ध मठांत शोजिन ऱ्योरी नावाची शाकाहारी परंपरा आहे. तिच्यात मांस-मासा नसतो आणि परंपरेने कांदा-लसूणही वर्ज्य असतो. हे ऐकून आपल्याकडे आनंद होतो, पण तो थोडा आवरलेलाच बरा. त्या ताटात मुळा, कमळकंद, रताळे ही कंदमुळे सन्मानाने बसतात. सारासाठी मासा टाळतात तेथे समुद्रशेवाळ आणि सुकवलेली शिताके अळंबी वापरतात. कोन्न्याकूची पारदर्शक, निरुपद्रवी दिसणारी वडीसुद्धा कंदाच्याच पिठाची असते. उलट तोफू, त्याच्या दुधावरची साय म्हणजे युबा, अडझुकी नावाच्या लाल कडधान्याचे गोड सारण, तांदूळ, तीळ, भोपळा, काकडी यांवर उत्तम स्वयंपाक होतो. मूगडाळ आणि पीठ कोबे, ओसाका व टोकियोच्या भारतीय दुकानांत मिळते. चार-सहा महिन्यांत हात बसतो.

सूर्याशी मात्र तडजोड होत नाही. जूनच्या अखेरीस कोबेत सूर्यास्त सुमारे सव्वासातला होतो. डिसेंबरच्या आरंभी तो पाचाच्या दहा-बारा मिनिटे आधीच होतो, मुंबईत त्या दिवसांत तो सहाच्या सुमारास होतो. चोविहार पाळणाऱ्या मुलीचे संध्याकाळचे भोजन हिवाळ्यात कचेरीच्या टेबलावर, चार-साडेचारला उरकते आणि नवरा आठ वाजता घरी येऊन एकटा जेवतो. जपानी घरात रात्रीचे जेवण ही दिवसातली एकत्र बसण्याची एकमेव वेळ असते, त्यामुळे हे न समजावता केले तर ते रुसव्यासारखे दिसते. जेथे आधी बोलणे झालेले असते तेथे ती त्याच्यासमोर बसते, वाढते, दिवसभराचे ऐकते. पाणीही घेत नाही याचे नवल काही आठवडे राहते, मग संपते. लग्नाआधी करायच्या चर्चांत दागिन्यांच्या यादीपेक्षा या विषयाला अधिक वेळ दिलेला बरा.

सासूबाईंचे नाते स्वतंत्र विचार मागते. पादत्राणे दाराशी काढणे, मोठ्यांपुढे वाकणे, पाहुण्याला रिकाम्या हाताने न पाठवणे हे आपल्या मुलींना शिकवावे लागत नाही आणि जपानी सासूला ते लगेच भावते. घरात पितरांचा देव्हारा असतो, त्याला बुत्सुदान म्हणतात. सकाळी त्यापुढे भात आणि पाणी ठेवतात. बहुतेक भागांत ऑगस्टच्या मध्याला ओबोन हा पितरांचा सण येतो. पर्युषणही त्याच सुमारास किंवा थोडे पुढे येते. देव्हाऱ्यापुढे हात जोडल्याने सम्यक्त्व ढळते काय, हा प्रश्न काही मुली स्वतःला विचारतात. कुळातील मृतांचा आदर आणि आराध्य म्हणून पूजन यांत भेद आहे, तो सासूबाईंना शांतपणे सांगता येतो. मात्र तो त्यांच्याच भाषेत सांगावा लागतो. उन्हाळ्यात आणि वर्षाअखेरीस आप्तांना, व्यापारी संबंधितांना भेटी पाठवण्याची रीत आपल्या दिवाळीसारखीच आहे. फक्त पेटी उघडली की आत हॅम किंवा खेकडे निघतात. अशी भेट परत करणे हा तेथे मोठा अपमान. आभाराचे पत्र लिहावे आणि पेटीची व्यवस्था सासरच्यांवर सोपवावी.

भाषा कठीण आहे हे खरे. दोन अक्षरमाला, प्रत्येकी 46 मूळ अक्षरांच्या, आणि नित्य वापराची म्हणून सरकारने ठरवलेली 2,136 चित्राक्षरे. तरी मराठी मुलीला येथे एक अनपेक्षित आधार मिळतो. जपानी अक्षरमालेचा क्रम अ, इ, उ, ए, ओ आणि मग क, स, त, न असा चालतो; बौद्ध भिक्षूंनी संस्कृत वर्णमालेचा अभ्यास केला, त्याचा हा ठसा. तेथील थडग्यांमागच्या लाकडी पट्ट्यांवर सिद्धम् लिपीतील बीजाक्षरे आजही लिहितात. वाक्याची घडणही आपल्यासारखी आहे: क्रियापद शेवटी, विभक्तीचे प्रत्यय नामामागून. इंग्रजीतून विचार न करता मराठीतून जपानी शिकावी, ती लवकर येते. अनेक नगरपालिकांत आणि आंतरराष्ट्रीय केंद्रांत स्वयंसेवक अल्प शुल्कात वर्ग घेतात.

कागदपत्रांत अक्षरांचे मोल अधिकच वाढते. विवाह भारतात करायचा तर 1954 च्या विशेष विवाह कायद्याचा मार्ग निर्वेध आहे. त्यासाठी वधूवरांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात 30 दिवस वास्तव्य हवे आणि नोटिशीनंतर आणखी 30 दिवस थांबावे लागते. जपानी नागरिकाने ही नोंद 3 महिन्यांच्या आत आपल्या देशाला कळवायची असते. शास्त्रोक्त विधी जरूर व्हावा. निवास-परवाना मात्र नोंदणीच्या कागदावर मिळतो.

व्यापारी कुटुंबांनी याच कायद्यातील कलम 19 व 21-अ वाचून घ्यावे. एकत्र कुटुंबातील जैन व्यक्तीचा या कायद्याखाली विवाह झाला तर ती त्या कुटुंबातून विभक्त झाली असे मानले जाते. जोडीदार हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असेल तर हे लागू होत नाही. गंमत अशी की घरात बुत्सुदान असूनही अनेक जपानी तरुण 'मला धर्म नाही' असे सहज सांगतात. त्या एका उत्तराने एकत्र कुटुंबाच्या हिशेबावर परिणाम होऊ शकतो, म्हणून वकील आणि सनदी लेखापाल यांच्याशी आधी बोलावे.

जपानमध्ये कुटुंबाची नोंदवही असते, तिला कोसेकी म्हणतात. परदेशी पत्नीला तीत स्वतंत्र रकाना नसतो. तिचे नाव पतीच्या तपशिलात येते. तिचे आडनावही आपोआप बदलत नाही. राहण्याचा परवाना 'जपानी नागरिकाचा जोडीदार' म्हणून 6 महिने, 1, 3 किंवा 5 वर्षांसाठी मिळतो आणि त्यावर कोणतीही नोकरी वा व्यवसाय करता येतो. घटस्फोट किंवा पतीचा मृत्यू झाल्यास 14 दिवसांत इमिग्रेशनला कळवावे लागते. योग्य कारणाशिवाय 6 महिने जोडीदार म्हणून वास्तव्य नसेल तर परवाना रद्द होऊ शकतो. घरातील छळामुळे वेगळे राहणे हे योग्य कारण धरले जाते, हे कित्येकींना ठाऊक नसते आणि त्या भीतीपोटी सोसत राहतात. विवाह 3 वर्षे टिकला आणि तेथे सलग 1 वर्षाहून अधिक वास्तव्य झाले की कायम निवासासाठी अर्ज करता येतो. तो वेळेवर करावा.

सर्वांत मोठा धोका एका साध्या पानाचा आहे. जपानमध्ये परस्परसंमतीचा घटस्फोट न्यायालयाविना होतो. दोघांच्या सह्या, दोन प्रौढ साक्षीदार आणि पालिकेच्या खिडकीवर दिलेला अर्ज, एवढेच पुरते. खिडकीवरचा कर्मचारी रकाने तपासतो, मनातली संमती तपासत नाही. वाचता न येणाऱ्या पत्नीपुढे 'विम्याचा कागद आहे' म्हणून तो ठेवला जाऊ शकतो. बहुतेक घरांत असे घडत नाही. तरी यावर तेथील कायद्यातच तोड आहे: 'माझ्या संमतीशिवाय घटस्फोटाचा अर्ज स्वीकारू नये' अशी विनंती पालिकेत आधी नोंदवता येते, आणि जपानी नागरिकाशी विवाह केलेल्या परदेशी पत्नीलाही ती करता येते. मुले असतील तर हा कागद आणखी भारी ठरतो. घटस्फोटानंतर ताबा एकाच पालकाकडे, असा तेथील जुना नियम होता; संयुक्त ताब्याची वाट 2024 च्या कायद्याने प्रथम उघडली. आंतरराष्ट्रीय बालअपहरणविषयक हेग करारात जपान 2014 मध्ये आला, भारत त्यात नाही. त्यामुळे 'बाळाला घेऊन निघून ये' हा माहेरचा मायेचा सल्ला मुलीला कायद्याच्या अडचणीत टाकू शकतो. आधी तेथील वकील गाठावा.

आई किंवा वडील जपानी असतील तर मुलाला जन्मतःच जपानी नागरिकत्व मिळते. प्रौढ नागरिकाला दुहेरी नागरिकत्व भारतही देत नाही आणि जपानही मान्य करत नाही, म्हणून आजोळाशी नाते ठेवण्यासाठी मुलांचे ओसीआय कार्ड काढणे सोयीचे. नाव ठेवताना एक गोष्ट पाहतात: जपानीत 'ल' आणि 'र' यांत भेद नाही, जोडाक्षरे फुटतात आणि 'लब्धी'चे पुढे काय होईल ते सांगता येत नाही. मीना, रीना, अमी अशी नावे दोन्ही भाषांत आहेत. सांगलीच्या आजीला आणि कोबेच्या आजीला ती सारखीच हाक मारता येतात.