चमत्कार कशासाठी? ख्रिस्ती श्रद्धेतील एका जुन्या प्रश्नाचा आढावा

ख्रिस्ती श्रद्धेत चमत्काराला दोन जागा आहेत आणि त्यांचे मोल सारखे नाही. पहिली जागा येशूच्या पुनरुत्थानाची. वधस्तंभावर मरण पावलेला येशू तिसऱ्या दिवशी जिवंत झाला, यावर हा धर्म उभा आहे. ते घडले नसेल तर विश्वास फोल आहे, असे पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात निःसंदिग्धपणे मांडले. दुसरी जागा बाकीच्या सर्व चमत्कारांची : बरे झालेले आजारी, शांत झालेले वादळ, पुरून उरलेल्या भाकरी, पुढच्या शतकांतल्या संतांच्या कथा. यांपैकी एखाद्या कथेविषयी ख्रिस्ती माणसाला शंका आली तरी त्याचा धर्म कोसळत नाही. या दोन जागांची गल्लत झाली की वाद निष्फळ होतात. टीकाकार एखादी संतकथा खोडून धर्म खोडल्याचे समाधान मानतो आणि भाविक त्याच कथेसाठी प्राणपणाने भांडतो.

बायबलच्या जुन्या करारात चमत्कार सगळीकडे विखुरलेले नाहीत. ते दोन काळांत दाटीने येतात. एक, मोशेच्या हातून इस्राएल लोक मिसरच्या गुलामीतून सुटले तो काळ; दुसरा, एलीया आणि अलीशा या संदेष्ट्यांनी राजसत्तेला आव्हान दिले तो. दोन्ही वेळा प्रश्न एकच होता : माणसांवर सत्ता कोणाची, फारोची आणि मूर्तिपूजक राजांची की देवाची? अनुवाद या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायातला इशारा तर फार महत्त्वाचा आहे. एखाद्याने सांगितलेली खूण खरी ठरली, पण तो लोकांना परक्या दैवतांमागे नेऊ लागला, तर त्याचे ऐकू नये. चमत्कार खरा असला तरी करणारा खरा ठरत नाही, ही कसोटी येशूच्या कित्येक शतके आधी लिहिली गेली होती.

चार शुभवर्तमानांत येशूचे सुमारे पस्तीस चमत्कार वर्णिलेले आहेत. त्यांत आजार बरे करण्याच्या घटना सर्वाधिक. मेलेल्यांना उठवल्याच्या तीनच : याईराची मुलगी, नाईन गावच्या विधवेचा मुलगा आणि बेथानीचा लाजर. ही कृत्ये कोणासाठी झाली हे पाहिले की त्यांचा रोख कळतो. बारा वर्षे रक्तस्रावाने बेजार झालेली बाई, यरीहोच्या वाटेवरचा आंधळा भिकारी, रोमी अधिकाऱ्याचा चाकर, कुष्ठरोगी. मार्कच्या पहिल्याच अध्यायात कुष्ठरोगी पुढे येतो तेव्हा येशू आधी हात पुढे करून त्याला शिवतो आणि मग बरे होण्याचा शब्द उच्चारतो. नुसत्या शब्दाने काम झाले असते, पण त्या माणसाला कित्येक दिवसांत कोणी शिवले नव्हते. पुढे येशू त्याला याजकाकडे पाठवतो, कारण याजकाने शुद्ध ठरवल्याशिवाय त्याला गावात परतता येत नव्हते. रोग जाणे हा चमत्काराचा अर्धा भाग, गावाने परत घेणे हा उरलेला. शिवाशिवीचा चटका पिढ्यान्‌पिढ्या सोसलेल्या महाराष्ट्राला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. मराठवाड्यातल्या आणि अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबांपैकी पुष्कळ महार आणि मांग समाजांतून आलेली आहेत. त्यांच्या कानांना या कथेतला स्पर्श बरे होण्याहून मोठा वाटला असेल तर त्यात नवल नाही.

योहानाच्या शुभवर्तमानात चमत्कारांना खुणा म्हटले आहे. काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस होण्यापासून लाजर कबरेतून बाहेर येईपर्यंत अशा सात खुणा तेथे मानल्या जातात. त्या का नोंदवल्या हेही योहान शेवटी सांगतो : वाचणाऱ्याने येशू हा ख्रिस्त असल्याचा विश्वास धरावा आणि त्याला जीवन मिळावे. पण त्याच पुस्तकाचा सहावा अध्याय खुणेची मर्यादाही दाखवतो. पाच भाकरी आणि दोन मासे यांत पाच हजार पुरुष जेवतात, बारा टोपल्या उरतात आणि लोक येशूला बळजबरीने राजा करायला निघतात. तो डोंगरावर निघून जातो. दुसऱ्या दिवशी तो त्यांना सांगतो की तुम्ही पोट भरले म्हणून मला शोधता, खूण तुम्हाला कळलीच नाही. मग जीवनाच्या भाकरीविषयीचे त्याचे बोलणे जड वाटून त्याचे कितीतरी शिष्य त्याला सोडून जातात. भाकरीच्या चमत्काराने गोळा झालेली गर्दी एका दिवसात पांगली.

चमत्कार नाकारण्याचे प्रसंगही शुभवर्तमानांत ठळक आहेत आणि ते समजून घेतल्याशिवाय केलेल्या चमत्कारांचा अर्थ लागत नाही. चाळीस दिवसांच्या उपवासानंतर भुकेला येशू दगडाची भाकर करीत नाही. मंदिराच्या कळसावरून उडी टाकून लोकांना दिपवत नाही. परूशी हे कर्मठ यहुदी आकाशातून चिन्ह मागतात तेव्हा तो देत नाही. चमत्कार पाहायला उत्सुक असलेल्या गालीलच्या अधिपती हेरोदापुढे तो गप्प उभा राहतो. वधस्तंभावरून खाली उतर, मग विश्वास ठेवू, असे हिणवणारेही चमत्कारच मागत होते. बरे केलेल्यांना तो अनेकदा बजावतो की हे कोणाला सांगू नका. स्वतःच्या सुटकेसाठी किंवा स्वतःचा मोठेपणा सिद्ध करण्यासाठी केलेला एकही चमत्कार त्याच्या नावावर नाही. लाजरच्या प्रसंगाचा परिणाम तर उलटाच झाला. त्या घटनेनंतर यरुशलेमच्या धर्मसभेने येशूला ठार मारण्याचा बेत पक्का केला. डोळ्यांनी पाहिलेला चमत्कारही ज्याला मानायचे नाही त्याला मानायला लावत नाही, हे खुद्द शुभवर्तमानकारांनीच नोंदवून ठेवले आहे.

पुढच्या विचारवंतांनी या सामग्रीतून निरनिराळे अर्थ काढले. हिप्पोचा बिशप ऑगस्टिन (354–430) याच्या मते चमत्कार निसर्गाविरुद्ध नसतो. माणसाला निसर्गाची जेवढी ओळख आहे तिच्याविरुद्ध असतो. पावसाचे पाणी वेलीतून दरवर्षी द्राक्षरस होते ते रोजचे म्हणून माणूस त्याकडे पाहत नाही, आणि कानाच्या लग्नात तेच क्षणात झाले म्हणून चकित होतो, असे त्याचे विवेचन आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने चमत्काराची काटेकोर व्याख्या केली : निर्माण झालेल्या साऱ्या वस्तूंच्या सामर्थ्यापलीकडे देवाने केलेली कृती. धर्मसुधारणेनंतर बऱ्याच प्रोटेस्टंट पंथांनी चमत्कारांचा काळ प्रेषितांबरोबर संपला असे मानले, तर विसाव्या शतकातल्या पेन्टेकोस्टल चळवळीने तो चालू असल्याचा पुकारा केला. 1748 मध्ये डेव्हिड ह्यूमने आक्षेप घेतला की निसर्गनियमाच्या बाजूचा अनुभव एखाद्या साक्षीपेक्षा नेहमीच वजनदार असतो. हा आक्षेप चमत्काराला पुरावा समजणाऱ्यांना अडचणीत आणतो. खूण समजणाऱ्यांनाही घटना घडली की नाही या प्रश्नापासून पळ काढता येत नाही, पण त्यांच्या श्रद्धेचे सारे ओझे त्या एका प्रश्नावर पडत नाही.

मराठीत हा विषय प्रथम सविस्तर आला तो गोव्यात. 1579 मध्ये तेथे आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी येशूचे चरित्र मराठी ओवीत रचले आणि ते ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. नवख्रिस्ती लोकांच्या हातून जुनी पुराणे गेली होती आणि त्यांच्या जागी ऐकायला, म्हणायला काही नव्हते. ती पोकळी या ग्रंथाने भरली. अद्‌भुताने भरलेल्या पुराणांवर वाढलेल्या श्रोत्याला येशूचे चमत्कार ऐकताना चमत्कार होणे नवे नव्हते. ते कोणासाठी आणि कोणत्या हेतूने झाले एवढेच नवे होते. कवी म्हणून स्टीफन्स यांचा अधिकार मोठा आहेच, पण श्रोत्यांच्या सवयीची त्यांना असलेली जाण तितकीच मोलाची आहे.

संत घोषित करताना कॅथलिक चर्च चमत्काराची जी छाननी करते तिचे दाखलेही गोवा-वसईच्या याच किनाऱ्यावर सापडतात. दिवंगत व्यक्तीच्या मध्यस्थीने आजार बरा झाल्याचा दावा आला की डॉक्टरांचे मंडळ तो तपासते. बरे होणे अचानक, पूर्ण आणि टिकाऊ आहे का, वैद्यकशास्त्राने त्याचा उलगडा होतो का, हे पाहिले जाते. मात्र श्रद्धेसाठी मारल्या गेलेल्या रक्तसाक्ष्याच्या बाबतीत मरणालाच मोठी साक्ष मानले जाते. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे क्रुसावर मारले गेले आणि 1862 मध्ये संत घोषित झाले. गोव्यातील बाणावलीचे जोसेफ वाझ (1651–1711) यांनी डच सत्तेच्या छळाखाली असलेल्या श्रीलंकेतल्या ख्रिस्ती लोकांची लपूनछपून सेवा केली. 14 जानेवारी 2015 रोजी कोलंबो येथे त्यांना संत घोषित करताना पोप फ्रान्सिस यांनी नेहमी लागणाऱ्या दुसऱ्या चमत्काराची अट माफ केली. चर्चच्या लेखी चमत्कार हा संतपणाला दिलेला दुजोरा आहे, संतपण त्यातून जन्मत नाही, हे या निर्णयाने उघड झाले.

लोकांची श्रद्धा मात्र या नियमांनी चालत नाही. वांद्र्याच्या मोतमाउलीच्या सप्टेंबरमधल्या जत्रेत हात, पाय, घर, बाळ अशा आकारांच्या मेणाच्या वस्तू वाहिल्या जातात आणि वाहणाऱ्यांत हिंदूही पुष्कळ असतात. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेतही नवस बोलले आणि फेडले जातात. नवसात देवाणघेवाणीचा भाव येतो म्हणून धर्मोपदेशक बिचकतात, ते योग्यच आहे. तरी मेणाचा पाय घेऊन रांगेत उभ्या असलेल्या आईची श्रद्धा त्यामुळे हलकी ठरत नाही. शुभवर्तमानांतले आजारीही आधी मदतच मागायला आले होते.

एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती धुरीणांकडे पाहिले तर चमत्कार त्यांच्या धर्मांतराच्या केंद्रस्थानी दिसत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919) यांना रेल्वेच्या प्रवासात एका अनोळखी युरोपीय गृहस्थाने नवा करार दिला. त्यांना त्यात गवसला तो डोंगरावरचा उपदेश. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यानंतर पाच वर्षांनी घेतला, तो सोवळेओवळे आणि जातिभेद यांच्याशी स्वतःच्या मनात दीर्घ झगडा करून. टिळकांनी आरंभलेले येशूच्या जीवनावरचे काव्य ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या मृत्यूनंतर लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. मराठवाड्यात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल ही वसाहत उभारली आणि मुख्यतः मांग समाजात काम केले. तेथेही घडवायचे होते ते शेत, शाळा आणि मंडळी. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनात 1905 मध्ये प्रार्थनेची मोठी लाट उसळली आणि तिची वार्ता परदेशी पोहोचली; पण दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली-बायांना अन्न, अक्षर आणि हातकाम देण्याचे काम त्याआधीपासून चालू होते आणि नंतरही थांबले नाही.

या सगळ्यांचे श्रोते वारकरी कथांवर वाढलेले होते. बीडजवळचा नारायणगड ‘धाकटी पंढरी’ म्हणून ओळखला जातो. आषाढीला पंढरपूर न गाठणारे नगद नारायण महाराजांच्या या स्थानी विठ्ठलाच्या दर्शनाला येतात. अशा गडांच्या परंपरेतल्या कीर्तनांतून रेड्यामुखी वेद, चालती भिंत, इंद्रायणीत तरलेली गाथा या कथा लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकल्या. ताहराबादच्या महीपतींनी 1762 मध्ये ‘भक्तविजय’ लिहून त्या एकत्र गुंफल्या आणि त्याचा इंग्रजी अनुवाद करणाऱ्यांत अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अ‍ॅबट होते. मिशनऱ्याने संतांच्या चमत्कारकथांसाठी उतारवयातली वर्षे द्यावीत, ही आदराने नोंदवावी अशी गोष्ट आहे. दोन्ही परंपरांत एक साम्य ठळक आहे : पैठणच्या कथेत रेडा बोलतो तो ज्ञानदेवांचा बडेजाव वाढवायला नव्हे, वाळीत टाकलेल्या मुलांना नाकारणाऱ्या शास्त्र्यांपुढे. तुकोबांनीही लोकांना भुलवण्याच्या युक्त्या आपल्याजवळ नसल्याचे सांगितले आहे. फरक आहे तो पायाचा. वारकरी भक्ती एकाही चमत्कारावाचून उभी राहू शकते. ख्रिस्ती श्रद्धा पुनरुत्थानावाचून नाही.

आजाऱ्यांना बरे करण्याची येशूची आज्ञा ख्रिस्ती मंडळींनी दवाखान्यांतही पाळली. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत उभारलेले रुग्णालय आणि तेथलेच रिचर्डसन कुष्ठरुग्णालय ही त्याची ठळक उदाहरणे. कुष्ठरोग्याला आधी शिवण्याची मार्कची कथा तेथे रोजच्या मलमपट्टीत उतरली.

प्रार्थनेने रोग बरा करण्याच्या सभांचा प्रश्न वेगळा आहे. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे नरेंद्र दाभोलकर यांच्या 20 ऑगस्ट 2013 रोजी झालेल्या हत्येनंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणे व लोकांना फसवणे, तसेच सर्पदंश किंवा कुत्रा चावला असता औषधोपचारापासून रोखणे, हे गुन्हे आहेत; शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. दिवंगत संतांच्या चमत्कारांविषयी सांगणे, कीर्तन-प्रवचन आणि प्रार्थना यांना कायद्याने धक्का लावलेला नाही. शुभवर्तमानांच्या कसोटीवर पाहिले तर ख्रिस्ती माणसाला या कायद्याचे भय वाटण्याचे कारण नाही. जो चमत्कार पैसा मागतो आणि औषध थांबवतो तो येशूच्या चमत्कारांच्या जातीचा नाहीच.

प्रार्थना करूनही जे बरे होत नाहीत त्यांचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. विश्वास कमी पडला म्हणून आजार राहिला, असे रुग्णाला सांगणे क्रूर आहे, शिवाय बायबलच्याही विरुद्ध आहे. पौलाने आपल्या शरीरातला काटा दूर व्हावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा गेला नाही, तो सोसायला कृपा पुरेल एवढे उत्तर मिळाले. आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करावी, असे याकोबाच्या पत्रात सांगितले आहे. कॅथलिक चर्चमध्ये पुढे हा संस्कार बहुधा मरणपंथाला लागलेल्यांपुरता उरला होता. 1972 मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्याचा विधी सुधारला आणि गंभीर आजाऱ्यांना तो मरणघटकेच्या आधीच मिळू लागला. कपाळावर आणि हातांवर तेल लावताना धर्मगुरू पापक्षमा, धीर आणि उभारी मागतो. बरे होणेही मागतो, पण ते देवाच्या इच्छेवर सोडून, आणि डॉक्टरांचे उपचार त्याच वेळी चालू असतात.