खजिना, कारखाना आणि परभणीचा कापूस

इतिहासाच्या पटावर राज्ये मांडून ती शतकानुशतके चालविण्याचे जे संगणकीय खेळ आजची तरुण पिढी आवडीने खेळते, त्यांत लढायांचा गाजावाजा पुष्कळ असला, तरी जयापजयाचा खरा निवाडा रणांगणावर होत नसून खजिन्यात होतो, ही गोष्ट वडीलधाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. स्वीडनमधील पॅराडॉक्स या संस्थेने २०१३ साली काढलेल्या ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ या खेळात १४४४ ते १८२१ हा कालखंड घेतलेला असून, त्यात मुलखाचे उत्पन्न मुख्यतः तीन वाटांनी सरकारजमा होते : पहिली कराची; दुसरी उत्पादनाची, म्हणजे त्या मुलखात निपजणाऱ्या जिनसेच्या परिमाणास बाजारभावाने गुणून येणारी; आणि तिसरी व्यापारी मार्गांवरील हिश्श्याची. या तिन्ही वाटा कशा चालतात, हे समजण्यास परभणी जिल्ह्याचा मुलकी इतिहास उत्तम साधन आहे.

करापुरते पाहिले, तर या भूमीचा हिशेब जुना आहे. ‘आईन-ए-अकबरी’त या जिल्ह्यातील पाथरी हे वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार, म्हणजे सुभ्याचा एक पोटविभाग, म्हणून नोंदलेले आहे. पुढे निजामाच्या अमलात महसुलाची वसुली मक्त्याने देण्याची रीत बोकाळली, आणि ठरीव रक्कम भरून मुलूख हाती घेणारा इजारदार रयतेकडून किती उकळतो, याची दाद घेणारा कोणी उरला नाही. १८५३ मध्ये दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगांनी हा मक्ता मोडून, १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी, म्हणजे मुलखाची जिल्ह्यांत विभागणी, करून, पगारी तालुकदार व तहसीलदार नेमले, तेव्हा कोठे रयतेने भरलेला पैसा आणि खजिन्यात पोहोचलेला पैसा यांतील अंतर कमी होऊ लागले. खेळातही प्रत्येक मुलखाला स्थानिक स्वायत्ततेचा एक आकडा जोडलेला असतो. तो जितका चढा, तितके त्या मुलखाचे उत्पन्न मध्यवर्ती सत्तेच्या हातून निसटते. हैदराबाद संस्थानातील जहागिरी हे त्याचेच प्रत्यक्ष रूप होते, आणि त्या १९४९ मध्ये, म्हणजे संस्थान भारतात आल्यानंतरच, संपुष्टात आल्या.

परंतु करवसुलीने राज्य तगते, वाढत नाही. वाढीसाठी उद्योग लागतो. वरील खेळात एक कारखाना उभारण्यास ५०० डुकाट (खेळातील नाणे) मोजावे लागतात, आणि त्याच्यामुळे वाढलेल्या मालावर उत्पादन व व्यापार या दोन्ही खात्यांत भर पडत असली, तरी घातलेले भांडवल वसूल होण्यास कित्येक वर्षे जातात. म्हणून सगळा पैसा फौजेवर उधळणारा खेळाडू आरंभी प्रबळ दिसतो आणि पुढे मागे पडतो. त्याच संस्थेच्या २०२२ मधील ‘व्हिक्टोरिया ३’ या खेळात, ज्याचा काळ १८३६ ते १९३६ असा आहे, हा विचार अधिक खोल जातो : गिरणीला कापूस हवा, मजूर हवेत, अवजारे हवीत, आणि माल वाहून नेण्याची सोयही हवी, यांपैकी एक जरी अपुरे पडले, तरी बाकीची सामग्री असून नसल्यासारखी होते.

गोदावरीकाठच्या काळ्या कसदार जमिनीत गावरानी कापूस पिकविणाऱ्या परभणीने हा अनुभव प्रत्यक्ष घेतला. मनमाड ते सिकंदराबाद हा मीटरगेज लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला, आणि त्यावरील सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा या स्थानकांवरून रुईच्या गाठी दूरच्या बाजारांकडे जाऊ लागल्या. सरकी काढणारे जिनिंग आणि गाठी बांधणारे प्रेसिंग हे उद्योगही येथे रुजले. मात्र सूत कातणे आणि कापड विणणे ही अधिक लाभाची कामे बहुतांशी अन्यत्रच होत राहिली. संस्थानाच्या करोडगिरी खात्याला मालाच्या ये-जेवर जकात मिळे, म्हणजे तिसऱ्या वाटेचे उत्पन्न येई. पण जकातीने खजिना भरतो, कारागिराच्या हाताला काम मिळत नाही.

‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’मध्ये जगाचा व्यापार नेमून दिलेल्या दिशेने वाहतो, आणि त्याचे शेवट इंग्लिश खाडी, व्हेनिस व जेनोवा या तीन ठिकाणी कायमचे बांधलेले आहेत, खेळाडू त्याला उलटा फिरवू शकत नाही. प्रत्यक्ष इतिहासात मात्र असे विधिलिखित कोठेच नसते. मालाची दिशा राज्यकर्त्यांचे कायदे, रेल्वेचे दर, भांडवल आणि कौशल्य यांनी ठरते, आणि जे माणसांनी ठरविले ते माणसांना बदलता येते. १९७२ पासून परभणीत कृषी विद्यापीठ आहे, कापूस आहे, लोहमार्ग आहे. तेव्हा परभणीच्या तरुणांनी हे खेळ अवश्य खेळावेत. पण खेळताना आपल्या जिल्ह्याची जमाबंदीही अभ्यासावी, आणि येथे पिकणाऱ्या कापसाचे सूत व कापड येथेच कसे होईल, या प्रश्नाला आपली बुद्धी वाहावी.